शनिवारच्या सावजीनंतर रविवारचा हलका नाश्ता: ज्वारीच्या कण्या आणि ताक

शनिवारी रात्री घरचे सगळे मिळून नागपूरच्या झणझणीत सावजी हॉटेलात जातात. मटण, खूर, पाटवडीचा रस्सा, वर तर्रीचा बोटभर थर, शेवटी काहीतरी गोड. घरी यायला साडेअकरा वाजतात आणि लगेच झोप. रविवारी सकाळी तोंड कोरडं, छातीत जळजळ, पोट जड. मग ‘आज काहीतरी हलकं करू’ असं ठरतं, आणि प्रत्यक्षात आलूपोहे होतात, त्यावर शेव पडते, कोणीतरी डबा घेऊन तर्री आणायला जातं. काही घरांत याच्या उलट होतं. कोणी काहीच खात नाही, नुसता चहा होत राहतो, आणि दुपारी दीडला भूक अनावर झाली की रात्रीचं पार्सल गरम होतं.

दोन्हीकडे हेतू चांगलाच असतो, चुकतो तो क्रम. या नाश्त्याची तयारी रविवारी सकाळी सुरू केली तर तो जमत नाही. दही विरजायला वेळ हवा, कण्या भिजायला रात्र हवी, आणि सकाळी पोटात काय आधी जातं यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून सुरुवात शनिवारी दुपारी करायची.

प्रमाण चार माणसांचं आहे. वाटी म्हणजे घरातली नेहमीची मध्यम वाटी, पण सगळ्या मापांना तीच वापरा.

लागणारं सामान

ज्वारीच्या कण्या १ वाटी, पाणी ६ वाटी आणि वर घालायला थोडं वेगळं गरम पाणी, ताजं गोडसर दही १ वाटी, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ छोटा चमचा, किसलेलं आलं अर्धा छोटा चमचा, चिमूटभर हिंग, मीठ, थोडा सांबार (कोथिंबीर). फोडणी करायचीच असेल तर १ छोटा चमचा तूप आणि गोडलिंबाची (कढीपत्त्याची) चार-पाच पानं. हिरवी मिरची, लाल तिखट, शेव, पापड यांतलं काहीही नाही. या यादीत आपल्या मनाने भर घालू नका. तो ‘एवढं थोडंसं’ चा मोहच हलक्या नाश्त्याला जड करतो.

टप्पा १: शनिवारी दुपारी दही आणि कण्या

आधी दही. रात्री परतल्यावर विरजण लावलं की उन्हाळ्यात फसतं. एप्रिल-मे मध्ये नागपुरात रात्रीही स्वयंपाकघर तापलेलंच असतं, दही चार-पाच तासांत लागतं आणि उजाडेपर्यंत आंबट होतं. जळजळ असलेल्या पोटाला ते आंबट ताक नको. म्हणून उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास विरजण लावा आणि जेवायला निघण्याआधी बघा. लागलं असेल तर फ्रीजमध्ये ठेवून निघा. अजून सैल वाटलं तरी घरी आल्याबरोबर आत ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं. दही लागायला आठ-दहा तास सहज जातात, भांडं कापडात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवावं लागतं. थंडीत रात्री झोपताना विरजण लावलं तरी चालतं.

आता कण्या. तयार कण्या इतवारीच्या धान्यबाजारात किंवा ओळखीच्या चक्कीवर मिळतात. चक्कीवर सांगताना ‘भाकरीचं पीठ नको, कण्या काढून द्या’ असं स्पष्ट सांगा. घरी काढायच्या असतील तर अशा काढा:

१. दीड वाटी ज्वारी निवडा. पांढरी, टपोरी, चमक असलेली हवी. कापणीच्या वेळी पावसात सापडलेली ज्वारी काळपट पडते आणि तिला कुबट वास येतो. ती कितीही धुतली तरी घेऊ नका.
२. ज्वारी पाण्यातून काढून लगेच निथळा आणि कापडावर १५ ते २० मिनिटं ठेवा. एवढ्या ओलीने टरफल सैल होतं. यापेक्षा जास्त भिजली तर मिक्सरमध्ये लगदा होतो.
३. मिक्सर सलग फिरवू नका. एकेक झटका देत चार-पाच वेळा फिरवा आणि प्रत्येक वेळी झाकण काढून बघा. एका दाण्याचे तीन-चार तुकडे झाले की थांबा.
४. चाळून घ्या. खाली पडेल ते पीठ भाकरीच्या डब्यात टाका. वर राहिलेल्या कण्या सुपात पाखडून कोंडा उडवा.

*पारख:* मूठभर कण्या तळहातावर घासा. हाताला पांढरं पीठ लागलं तर पुन्हा चाळा. कण्यांमध्ये राहिलेलं पीठच नंतर गुठळ्या करतं.

*सावध:* ज्वारीचा रवा आणि कण्या यांत फरक आहे. रवा बारीक असतो, पटकन घट्ट होतो आणि गंजाच्या (पातेल्याच्या) तळाला बसतो. गव्हाचा दलियासुद्धा इथे चालत नाही, तो ताकात चिकट लागतो.

टप्पा २: रात्री घरी आल्यावर

बूट काढून थेट पलंगावर जाऊ नका. तेलकट जेवण पोटातून पुढे सरकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं, आणि भरल्या पोटाने आडवं झालं की आम्ल वर चढतं. सकाळची जळजळ बरीचशी तिथली असते. जेवण आणि झोप यांत निदान दोन तास हवेत, तीन असले तर आणखी चांगलं. म्हणून खरं तर साडेनऊला जायचं ते आठला जा. ते नाहीच जमलं तर घरी आल्यावर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर सावकाश फिरा, मग बसा, आणि झोपताना डोक्याखालची बाजू थोडी उंच करून डाव्या कुशीवर झोपा.

बसल्या बसल्या कण्या भिजवा. आधी भरपूर पाण्यात हाताने ढवळा, वर तरंगणारा कोंडा पाण्यासकट ओतून द्या. असं दोनदा करा. मग ३ वाटी स्वच्छ पाणी घालून झाका. थंडीत ओट्यावर राहू द्या. उन्हाळ्यात फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर ठेवलेलं पाणी सकाळपर्यंत आंबतं.

आंबवलेली आंबील वेगळी आणि फार छान असते, पण ती आंबट. सावजीच्या दुसऱ्या दिवशी ती मी कोणालाही सुचवणार नाही. मे महिन्यात एरवीच्या दिवसासाठी ठेवा.

झोपण्याआधी साधं पाणी थोडं थोडं प्या. रश्श्यातल्या मिठाने तहान लागतेच. एका दमात तांब्याभर पाणी पिऊन लगेच आडवं झालं की पोट आणखी ताणलं जातं. थंड सोडा किंवा कोल्ड्रिंकने ढेकर येतो आणि बरं वाटल्याचा भास होतो, पण त्यातल्या वायूने पोट फुगतं. ते नकोच.

*पार्सल आणलं असेल तर:* रस्सा आणि भात रात्रीच फ्रीजमध्ये जायला हवा. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त नाही. हॉटेलातून घरापर्यंतचा वेळही यात धरा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी वासाला चांगला असला तरी टाकून द्या.

टप्पा ३: सकाळी उठल्यावर, चुलीकडे जाण्याआधी

१. एक पेला कोमट पाणी, घोट घोट. लिंबू नको, मध नको.
२. वीस-तीस मिनिटं चाला. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, नाहीतर आपली गल्ली. वेग साधा ठेवा, जड पोटाने धावू नका. परतीचा रस्ता पोह्यांच्या ठेल्यावरून नको. सकाळी त्या तर्रीचा वास आला की ठरवलेलं सगळं मागे पडतं. तर्री पोह्यांवर माझंही प्रेम आहे, पण ते पुढच्या रविवारी.
३. परत आल्यावर स्वतःला विचारा, भूक लागली आहे का? नसेल तर थांबा. घड्याळात आठ वाजले म्हणून खायचं नाही. नऊ, साडेनऊ झाले तरी हरकत नाही. कण्या शिजायला अर्धा तास लागतोच, तोवर बहुतेकांना भूक लागते.

या टप्प्यात सर्वात जास्त चुकतं ते चहाने. रिकाम्या, आधीच चिडलेल्या पोटात कडक चहा गेला की जळजळ वाढते आणि खरी भूक मात्र मरते. चहा नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने घ्या, अर्धा कप, आणि तो कमी कडक. थंड दुधाचंही तसंच आहे. पिताना गार वाटतं, थोड्या वेळाने आम्ल पुन्हा वाढतं.

*सावध:* ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी ‘भूक नाही’ म्हणून नाश्ता लांबवू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या अंदाजाने खावं. हा थांबण्याचा नियम त्यांच्यासाठी नाही.

टप्पा ४: कण्या शिजवणं

इथे घाई करू नका. कच्ची राहिलेली कणी पोटाला रश्श्याइतकीच जड जाते.

१. जाड बुडाच्या गंजात ३ वाटी पाणी उकळायला ठेवा. दुसऱ्या शेगडीवर दोन वाट्या पाणी वेगळं गरम करत ठेवा, ते लागणारच आहे.
२. गंजातलं पाणी खळखळलं की भिजलेल्या कण्या त्यांच्या पाण्यासकट धार धरून घाला. दुसऱ्या हाताने ढवळणं सुरू ठेवा. कण्या तळाशी बसलेल्या असतात, म्हणून ओतण्याआधी भांडं एकदा हलवून घ्या. सगळ्या एकदम ओतल्या की मधे गोळा होतो आणि तो नंतर फुटत नाही.
३. पुन्हा उकळी येईपर्यंत आच मोठी. या वेळी फेस वर येतो, शेगडीजवळून हलू नका.
४. उकळी आली की आच बारीक. झाकण अर्धवट ठेवा. दर तीन-चार मिनिटांनी तळापासून खरवडत ढवळा. कडेने फिरवलेला चमचा मधला भाग करपण्यापासून वाचवत नाही.
५. दहा-बारा मिनिटांनी घट्ट व्हायला लागतं. तेव्हा वेगळं ठेवलेलं गरम पाणी थोडं थोडं घाला. थंड पाणी घातलं की उकळी मोडते, शिजणं थांबतं आणि कण्यांना कच्चट वास राहतो.
६. एकूण २५ ते ३० मिनिटं. मीठ शेवटच्या पाच मिनिटांत, नेहमीच्या निम्मं. रात्रीच्या जेवणात दिवसभराचं मीठ होऊन गेलेलं आहे.

*पारख:* एक कणी चमच्यात काढा, फुंकर घालून गार करा आणि दोन बोटांत दाबा. पूर्ण चेपली पाहिजे. मधे पांढरा कडक ठिपका दिसला तर अजून पाच-सात मिनिटं. एकाच कणीवर विसंबू नका, दोन-तीन बघा.

*दुसरी पारख:* गॅस बंद करताना कण्या तुम्हाला हव्या त्यापेक्षा पातळ दिसायला हव्यात. गार होताना त्या बऱ्याच घट्ट होतात. चमचा तिरपा केला की पातळ वरणासारख्या ओघळल्या तर बरोबर. गोळा होऊन पडल्या तर आत्ताच अर्धी वाटी गरम पाणी घालून एक उकळी आणा.

कुकर वापरायचा असेल तर कण्या आणि पाणी मिळून कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. ज्वारीचा फेस शिट्टीच्या भोकात अडकतो, आणि अडकलेली शिट्टी धोक्याची. बारीक आचेवर चार शिट्ट्या, मग वाफ आपोआप जाऊ द्या. झाकण उघडल्यावर गरम पाणी घालून पाच मिनिटं उघड्यावर उकळून घ्या. मला स्वतःला गंजातल्याच कण्या आवडतात. कण वेगळा राहतो, कुकरमध्ये त्याची लापशी होते.

टप्पा ५: ताक

कण्या गॅसवरून उतरवल्यावर ताक करायला घ्या, आधी नाही. करून ठेवलेलं ताक तासाभरात खाली बसतं.

फ्रीजमधलं दही, वर जाड साय असेल तर ती काढून ठेवा. १ वाटी दह्यात अडीच ते तीन वाट्या साधं पाणी घालून रवीने घुसळा. बर्फ नको. जिऱ्याची पूड, आल्याचा कीस, हिंग घाला. मीठ घालण्याआधी चव बघा, कारण कण्यांमध्ये ते गेलेलं आहे. दही थोडं आंबट निघालं तर पाणी आणखी अर्धी वाटी वाढवा. साखर घालून आंबटपणा झाकू नका. फारच आंबट असेल तर ताकाचा नाद सोडा आणि कण्या नुसत्या जिरं-हिंग घालून गरम गरम प्या, त्याही चांगल्या लागतात.

विकतचं मसाला ताक आणू नका. त्यात मीठ आणि मिरची दोन्ही असतं.

टप्पा ६: एकत्र करणं आणि वाढणं

इथे बहुतेकांचं ताक फाटतं. उकळत्या कण्यांमध्ये ताक ओतलं की ते फुटतं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा दिसतो. कण्या १५ ते २० मिनिटं निवू द्या. गंजाच्या बाहेरून तळहात टेकवता आला आणि ठेवता आला की वेळ झाली.

ताक गंजात घालायचं नाही, वाडग्यात घालायचं. आधी दोन डाव कण्या, चमच्याने मोकळ्या करा, मग वरून एक डाव ताक, हलकं ढवळा, सांबार घाला. ज्याला पातळ हवं त्याने ताक वाढवून घ्यावं. असं केल्याने गंजात उरलेल्या कण्या कोऱ्या राहतात आणि नंतर उपयोगी पडतात.

फोडणी हवी असेल तर चमचाभर तुपात जिरं आणि गोडलिंब तडतडवून सगळ्यांसाठी मिळून एकदाच घाला. प्रत्येक वाडग्यावर वेगळी फोडणी ओतली की चमच्याचे चार चमचे होतात. ज्यांची जळजळ अजून शमलेली नाही त्यांनी फोडणीही घेऊ नये.

एक वाडगं सावकाश संपवा. दहा मिनिटं बसा. मग खरंच हवं असेल तर अर्धं आणखी. कण्या पातळ असल्याने भराभर जातात आणि पोट भरल्याचं उशिरा कळतं.

सोबत काही लागलंच तर काकडीच्या चकत्या किंवा पिकलेली पपई. हंगामात घरात संत्र्यांची टोपली असतेच, पण संत्रं दुपारनंतर. ते आम्लधर्मी फळ आहे, जळजळ असताना सकाळी सकाळी नको.

लहान मुलं ताकातल्या कण्या बाजूला सारतात. त्यांच्या वाट्याच्या कण्यांमध्ये थोडं गरम दूध आणि चिमूटभर वेलची घाला. वाडगं कोमट झालं की किसलेला गूळ मिसळा, उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटतं. त्यांच्या वाडग्यात मात्र ताकाचा थेंबही जाऊ देऊ नका.

कण्या नसतील तर

मुगाच्या डाळीची पातळ खिचडी करा. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी पिवळी मूगडाळ, ८ वाटी पाणी, हळद, जिरं, थोडं आलं. कुकरमध्ये पाच शिट्ट्या आणि मग घोटून घ्यायचं. वर तुपाची धार नको, अर्धा चमचा पुरे. उपमा आणि उकडपेंडी एरवी हलक्या वाटतात, पण दोन्ही नीट व्हायला तेल लागतंच. म्हणून या एका सकाळी त्या नाहीत. साबुदाणा खिचडी तर अजिबात नाही. फल्लीदाणे, आलू आणि तूप, तिन्ही एकत्र.

पोट अजूनही जड असेल तर

थोडा ओवा चावून कोमट पाणी घेतलं की अनेकांना आराम पडतो. खायच्या सोड्याची पुडी घेण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. त्यात सोडियम असतं आणि रक्तदाबाच्या रुग्णांना ते बाधतं.

आणि हे नीट वाचा. छातीत जळजळ नव्हे तर दाब वाटतोय, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय, घाम फुटलाय, श्वास लागतोय, तर ते ‘कालच्या तिखटाचं’ म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, किंवा पाणीही पोटात न ठरणं, यांतलं काही असेल तर लगेच डॉक्टरकडे जा.

टप्पा ७: दुपार आणि उरलेल्या कण्या

नाश्ता हलका झाला म्हणून दुपारी भरपाई करायची नसते. पार्सलचा रस्सा दुपारीही नको. तो सोमवारी काढा, चांगला उकळेपर्यंत तापवा, आणि लागेल तेवढाच तापवा. रविवारी दुपारी वरण-भात, दोडक्याची किंवा लवकीची (दुधीची) भाजी, साधी भाकर पुरे होते.

उरलेल्या कोऱ्या कण्या गार झाल्या की फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी त्यांची वडी जमलेली असते. ती हाताने फोडा, एक वाटी उकळतं पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत पुन्हा मोकळ्या करा. ताक तेव्हा ताजं करा. दही संपलं असेल तर चमचाभर मूगडाळीचं पातळ वरण घालूनही त्या छान लागतात. ताक घातलेल्या कण्या उरल्या असतील तर त्या ठेवू नका, दुपारपर्यंत संपवा.